औंदाचं तूप

बापू, चूक झाली. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या म्हाताऱ्या आत्यानं मला ‘बापू’ म्हणून हाक मारली, आणि मी ‘ओ’ दिली.

दोष सगळा माझा नाही. थोडा तुमच्या गायीचाही आहे. बांडी सकाळपासून कुणाला कासेला हात लावू देत नव्हती. शेजाऱ्यांनी करून पाहिलं, वासराला पुढं केलं, पाठीवर थोपटलं. ती पान्हा चोरून उभी राहिली ती राहिलीच. कास दगडासारखी झाली तेव्हा आतल्या खोलीतून वहिनींनी निरोप पाठवला, की दाजींना म्हणावं खुंटीवर ह्यांचा सदरा आहे, तो घाला. दुसऱ्या कुणाला तो बसलाही नसता. तुमच्या आणि माझ्या पोटाची शर्यत लग्नाच्या मांडवापासून चाललेली. मी सदरा घातला. धुतलेला नव्हता. गोठ्याचा, तंबाखूचा आणि तुमचा, असा तिन्हींचा वास होता त्याला. गळ्यात तुमची दस्ती टाकली आणि मान खाली घालून ओसरीवरून निघालो. आत्याला आता माणसाची नुसती आकृती दिसते. ती म्हणाली, “बापू, धार काढाय चाललास का? लौकर काढ, डेरी बंद होईल.”

मी म्हणालो, “ओ.”

ओसरीवरची माणसं माझ्याकडं वळली. आतून तुमच्या बहिणीचा, म्हणजे आमच्या मंगलचा, हुंदका आला. मी तसाच गोठ्यात गेलो आणि बांडीच्या पोटाला डोकं टेकवलं. तिनं मान वळवून सदऱ्याचा वास घेतला, थोडा वेळ विचार केला आणि पान्हा सोडला. एका संध्याकाळी मी एक म्हातारी आणि एक गाय फसवली. दोघींनीही मला तुम्ही समजून माफ केलं.

आत्याला एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. डेरी आपल्यासाठी केव्हाच बंद झाली होती.

दिवाळीत आपला वाद सुरू झाला तो तुम्हाला आठवत असेलच; वाद विसरणं तुमच्या रक्तात नाही. काढणीला आलेल्या सोयाबीनवर पाऊस बसून राहिला. दाणा काळा पडला. मानवतच्या मोंढ्यात त्या डागी मालाला कुणी हात लावेना. तुम्ही म्हणालात, माणूस खात नाही तर गाय खाईल. पोती गिरणीवर नेऊन भरडा करून आणलात. कडबा तर गावातून हरवल्यातच जमा; ज्वारी पेरणार कोण आणि पाखरं हाकलणार कोण? सरकीची पेंड परवडेना. मग बांडीची पाटी भरड्यानंच भरायची आणि वर चवीपुरतं भुसकट. दूध वाढलं. तुमच्या मिशाही त्या प्रमाणात वर गेल्या.

आणि मी, तुमचा परभणीचा शहाणा दाजी, तिथं तोंड घालायला गेलो. माझं झेरॉक्सचं दुकान. जनावरांच्या डॉक्टरकीची पोरं आपले प्रबंध माझ्याकडं घेऊन येतात, आणि मशीन चालू असताना मी पानं वाचतो. त्यामुळं माझ्या ज्ञानाची अवस्था अशी आहे, की बारावं पान ठाऊक, चौदावं ठाऊक, आणि तेरावं मशीनमध्ये अडकलेलं. पण तेवढ्या भांडवलावर मी तुम्हाला ऐकवलं. म्हटलं, बापू, गायीच्या पोटात चोथा लागतो. वैरण आंबते तेव्हा त्यातून साय घडते. तेलबियांचा भरडा असा वारेमाप घातला, की पोटातली ती आंबवण बिघडते. दूध वाढेल, साय उतरेल. आणि उरेल ती सायसुद्धा वेगळी असेल. सरकीवरच्या गायीचं तूप कडक आणि रवाळ. सोयाबीनवरच्या गायीचं मऊ, तेलकट. गाय जे तेल खाते त्याची सावली तिच्या दुधावर पडते.

तुम्ही शांतपणे तंबाखू मळलीत. म्हणालात, “दाजी, गायीला वाचता येत न्हाई. अन् तुमचं ग्यान पडलं झेरॉक्सचं. असल कुठाय?”

सगळे हसले. मीही हसलो. मला काय माहीत, की असल प्रत डेरीच्या मशीनमधून निघणार आहे.

डेरीवाला नामदेव वाईट माणूस नाही. बांडीच्या दुधाचं फॅट उतरायला लागलं तेव्हा त्यानं आधी मशीन धुऊन पाहिलं, मग पुन्हा लावून पाहिलं. मग तुम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, की पाणी असतं तर लॅक्टोमीटरवरची दाटपणाची डिग्रीही पडली असती. डिग्री बरोबर आहे, नुसतं फॅट नाही. म्हणजे पाणी घातलेलं नाही, साय काढलेली आहे. त्यानं ते बाजूला घेऊनच सांगितलं. पण आपल्या गावात बाजू नावाची जागाच नाही. रांगेत कॅन घेऊन उभा असलेला कुणीतरी म्हणाला, वैनीच्या तुपाला मागणी बी लय हाय म्हणा. पुढच्या आठवड्यापासून दूध परत यायला लागलं. तुम्ही उलट एक शब्द बोलला नाहीत, रोज परत आलेलं दूध वासराला पाजत राहिलात. जो माणूस हळदीच्या पंगतीत वरणात मीठ कमी आहे म्हणून अर्धा तास भांडला होता, तो चोर म्हणवून घेऊन गप्प बसला. त्या गप्पपणाची मला भीती वाटायला हवी होती. मला राग आला.

संक्रांतीला आम्ही आलो तेव्हा मी तोच विषय काढला. म्हटलं, नामदेवला गोठ्यात बोलवा. त्याच्यासमोर धार काढा, कॅन त्याच्या हातात द्या, तिथून थेट मशीनवर. फॅट कमीच येईल, साय कुणी काढली नाही हे सिद्ध होईल, आणि मग मुकाट्यानं भरडा कमी करा. तुम्ही खाली बघत होतात. म्हणालात, “म्हंजे मी चोर हाय का न्हाई ते बांडीनं सांगायचं. अन् मी सांगतो त्याला काईच किंमत न्हाई.”

मी म्हणालो, अहो, हा शास्त्राचा प्रश्न आहे.

तुम्ही म्हणालात, “न्हाई. हा नामदेवनं मला लहानपनापसून वळखायचा परश्न हाय.”

यावर माझ्याकडं पान नव्हतं. मी रुसून गाडी काढली. दरवर्षीसारखा तुपाचा डबा घेऊन तुम्ही मंगलजवळ आलात, तिच्याशी काहीतरी बोललात. मी किका मारण्यात गुंतलो होतो. गाडी पहिल्याच किकेला सुरू झाली होती, तरी मारत होतो. तुम्ही काय बोललात ते ऐकलं नाही. हातही केला नाही. मनात म्हटलं, पुढच्या खेपेला बघू.

भांडण अर्धवट टाकून जाणं तुमच्या स्वभावात नव्हतं, बापू. हे एकदाच केलंत.

तर तुमचा सदरा घालून मी दोन्ही वेळच्या धारा काढू लागलो. दुकान भाच्याकडं सोपवलं. घरात चूल बंद. गल्लीतून पिठलं-भाकरी यायची. आणि आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे, दुःखाच्या घरी माणसांचं जेवण येतं तशी गोठ्याची वैरणही येते. ज्यांच्या गंजीत मागच्या सालच्या चार पेंढ्या राखून ठेवलेल्या होत्या, त्यांनी त्या आणून दाराशी टाकल्या. तुमच्यावर रांगेत हसणाऱ्यांच्या घरूनही आल्या. कडबा बघून बांडीचे कान उभे राहिले. भरडा संपलेला होता, आणि सुतकात गिरणीवर कोण जाणार? मीच पेंढ्या सोडत होतो, मीच तोडून तिच्यापुढं टाकत होतो, ती कराकरा खात होती आणि मला वाटत होतं, चला, निदान हिचं तरी पोट भरतंय.

आता पुढचा गाढवपणा ऐका. तेराव्याला नामदेव जेवायला आला. पंगतीत माझ्या समोरच बसला होता. मला तुमची रिकामी जागा दिसत होती आणि त्याचा घास तोंडात जाताना दिसत होता. मी सगळ्यांदेखत म्हणालो, नामदेवराव, उद्या सकाळी गोठ्यात या. मी धार काढतो, तुम्ही उभे राहा. कॅन तुम्हीच न्या. कळू दे एकदा सगळ्यांना.

नामदेव म्हणाला, “ऱ्हाऊ द्या दाजी. मानूस गेला. आता काय मोजायचं?”

मी म्हणालो, मोजायचंच. वाढणाऱ्या मंगलचा हात माझ्या ताटावर थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि ती पुढच्या ताटाकडं वळली.

दुसऱ्या दिवशी नामदेव आला. बांडीनं पान्हा सोडला, कॅन भरली, ती त्यानं स्वतः उचलली. मी आणि मंगल मागोमाग. डेरीपुढं नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. काहींकडं कॅनसुद्धा नव्हती. नामदेवनं नमुना काढला, मशीनला लावला. मी छाती काढून उभा. तुमचा सदरा, तुमची दस्ती, आणि आत मी, तुमची बाजू जिंकायला आलेला.

फॅट चारच्याही वर आलं.

नामदेवनं पुन्हा लावलं. पुन्हा तेच. त्यानं चिठ्ठी फाडली आणि उलटी करून टेबलावर ठेवली. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मागून कुणीतरी नुसतं म्हणालं, “म्हंजे गाय चांगलीच हाय की.”

नामदेव माझ्याकडं न बघता मंगलला म्हणाला, “ताई, दूध एक नंबर हाय. वैनीला सांगा, उद्यापसून घालत जा. मी बंद करनार न्हाई.”

तो खरंच दयेनं बोलला, बापू. तुम्हाला पक्कं चोर ठरवून त्यानं तुमच्या बायकोवर दया केली. आणि ते सगळं मी घडवून आणलं. तुम्ही होता तोवर नुसती कुजबुज होती. मी तिच्यावर मशीनचा शिक्का मारून आणला.

परत येताना मंगल माझ्या पुढं चालत होती. तिच्या पाठीवरून मला काही कळत नव्हतं. तुमच्यावर रागावली होती की माझ्यावर, हे विचारायची माझी छाती नव्हती. ती मघाशी काढून संपली होती. दारात वहिनी उभ्या होत्या. मंगलनं एवढंच सांगितलं, की डेरी उद्यापासून दूध घेणार आहे. वहिनींचा चेहरा क्षणभर उजळला. आता त्या घराला बांडीशिवाय आहे काय? मग त्यांच्या लक्षात आलं, की दूध घेणार म्हणजे फॅट भरलं. त्या उंबऱ्यावरच बसल्या. म्हणाल्या, “मी साय काढली न्हाई हो ताई. त्यांनीबी न्हाई.”

मंगलनं लगेच ‘नाहीच’ म्हणायला हवं होतं, असं मला वाटलं. तिनं म्हटलं नाही.

मी सदरा काढायला गेलो. बाहीच्या घडीत काहीतरी टोचलं. कडब्याचं पान. मी ते हातात धरून उभा राहिलो. बापू, तुम्ही तिथं असता तर माझ्या टाळक्यात दस्ती मारून म्हणाला असता, निघालं का तेरावं पान? तेरा दिवस मी तिला कडबा घालत होतो. भरडा बंद, चोथा चालू. आंबवण सुधारली, साय परत आली. दिवाळीत तुम्हाला जे शिकवलं, त्याचीच परीक्षा होती, आणि पेपर माझ्या हातानं मीच बदलला. तुमचं दुःख वाटून घ्यायला आलेल्या पेंढ्यांनीच तुमच्याविरुद्ध साक्ष दिली होती.

मी धावत येऊन दोघींना सांगितलं. मंगलनं ऐकून घेतलं. म्हणाली, “हे बी झेरॉक्सचंच सांगायलाव का?” टोमणा तुमचाच होता. पण तुम्ही मारायचात तेव्हा त्यात हसू असायचं.

वहिनी मात्र उठल्या. मला विचारलं, परत भरडा घातला तर किती दिवसांत उतरेल? मी म्हटलं, आठ-दहा दिवस तरी. पण वहिनी, दूध परत बंद होईल. आणि समजा नाहीच उतरलं तर...

“मागच्या खोलीत सोयाबीनचं एक पोतं हाय अजून, भरडून मागवते,” त्या म्हणाल्या. “त्यांना चोर ठरवून माझं दूध चालनार असंल, तर मला ती डेरीच नको.”

मंगलला घेऊन मी परभणीला आलो आणि माझं धैर्य एसटीतच राहिलं. दुकानात प्रबंधाची पानं उलटसुलट लावायचो. एका पोराला आडवळणानं विचारलं. तो म्हणाला, उतरायला पाहिजे काका, पण सगळ्या गायी सारख्या नसतात. हे वाक्य कुठल्याच पानावर मी वाचलं नव्हतं. म्हणजे दुसऱ्या खेपेलाही फॅट भरलं, तर माझ्या शहाणपणामुळं तुम्ही दोनदा चोर ठरणार होतात, आणि तिसऱ्यांदा आपलं कुणी ऐकणार नव्हतं. जेवण जाईना. तसंही यंदा आमच्या ताटात तूप जेमतेमच येत होतं. मला वाटायचं, मंगलनं माझ्या पोटाकडं बघून हात आखडता घेतलाय.

वहिनी रोज भरडा घालत होत्या, तुमचा सदरा अंगावर घेऊन धारही त्याच काढत होत्या. मंगल फोन करायची तेव्हा सांगायच्या, की बांडी कडब्याची वाट बघते, पाटीकडं बघून तोंड फिरवते, तिला म्हटलंय, थोडे दिवस कळ काढ बाई, मालकाचं काम हाय. त्यांनी डेरीत दूध पाठवलंच नाही. नामदेवनं दोनदा निरोप पाठवला, तरी नाही.

दहा दिवसांनी आम्ही दोघं गावी आलो आणि नामदेवला पुन्हा बोलवायला मी गेलो तेव्हा तो वैतागला. “दाजी, तुमी त्यांना सुखानं जाऊ द्या की,” म्हणाला. मी म्हटलं, एकदा, शेवटचं. बापू समोर उभे होते तेव्हा तुम्ही मशीनचं ऐकलंत. आता मशीनचंच परत ऐका. त्यानं हातातली कॅन खाली ठेवली. मग चपला घातल्या.

या वेळी वहिनी स्वतः आल्या. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा घराबाहेर पडल्या. डोक्यावर पदर, नजर सरळ. मी धार काढली, नामदेवनं कॅन नेली, रांग बाजूला सरकली. नमुना मशीनला लागला तेव्हा मला एवढंच आठवतं, की सदऱ्याच्या खिशात तुमच्या चुन्याची डबी होती आणि ती मी घट्ट धरली होती.

फॅट तीनच्याही खाली आलं. डिग्री बरोबर.

नापास झाल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता, आणि त्या बाबतीत माझा अनुभव दांडगा आहे. पण हसलो नाही. नामदेवनं या वेळी चिठ्ठी उलटी ठेवली नाही. ती रांगेला दिसेल अशी सरळ ठेवली. मग कॅन दोन्ही हातांनी उचलून वहिनींपुढं ठेवली.

“वैनी, हे दूध मला घेता येत न्हाई,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “बापूचं बी असंच होतं.”

वहिनी म्हणाल्या, “व्हय. असंच होतं.”

कॅन उचलून त्या निघाल्या. रांगेतल्या एकानं आपल्या म्हशीचा भरडा कमी करावा लागेल, असं मोठ्यानं बोलून दाखवलं. बाकीचे जमिनीकडं बघत राहिले. पोत्यात उरलेला भरडा वहिनींनी उकिरड्यावर ओतला, आणि दुपारी दाराशी पुन्हा पेंढ्या येऊन पडल्या. या वेळी त्या कुणी आणल्या ते कुणी सांगितलं नाही, पण एक नामदेवच्या गंजीतली होती. त्याची पेंढी बांधायची पद्धत वेगळी आहे.

तर वाद मी जिंकलो, बापू. साय भरड्यानंच उतरत होती. तुम्ही चूक होतात आणि तुम्ही खरे होतात, दोन्ही एकाच मशीनमधून निघालं. पण खोटं कशाला बोलू, नामदेवनं तुम्हाला ओळखायला हवं होतं हा तुमचा मुद्दा तसाच उभा आहे. जिंकलेला वाद सांगायला समोर माणूस नसेल तर त्याचं काय करायचं, तेही पान सापडलेलं नाही. सदरा मी वहिनींना धुऊ दिला नाही. आता बांडी त्यांना पान्हा सोडते, पण खुंटीवर असू दे म्हटलं.

आम्ही परभणीला परतलो. घरी आल्यावर मंगलनं भाकरी टाकल्या, आणि मग स्वयंपाकघरातल्या पिठाच्या डब्यामागं हात घालून तुमचा संक्रांतीचा डबा बाहेर काढला. झाकण उघडलेलं होतं, पण तूप काठोकाठ होतं. माझ्या भाकरीवर वाढलं, तिच्या भाकरीवर वाढलं. पातळ, पिवळसर, भाकरीत चटकन मुरणारं. मी पहिला घास घेतला, तिनं घेतला नाही. ताटाकडं बघत म्हणाली,

“डबा देताना दादा म्हनला होता, मंगल, औंदाचं तूप थिजंना झालंय, पर आपल्याच गायीचं हाय. घरी आले तर खोबरेल बाटलीत गोठलेलं, अन् हे नुसतं हालत होतं. मला वाटलं, तेल घातलंय. नामदेवनं तरी मशीन लावून बघितलं. मी नुसतं डब्यात बघितलं.”